आरेखित स्वरलिपी : वाचन की निमित्त?

कॉर्नेलियस कार्ड्यू या इंग्रज रचनाकाराने १९६३ ते १९६७ या काळात सिद्ध केलेली ‘ट्रीटिस’ ही १९३ पृष्ठांची कृती संगीतज्ञांइतकीच भाषाभ्यासकांनीही पाहावी अशी आहे. कार्ड्यू काही काळ आरेखनकार म्हणून नोकरी करीत असे आणि ते कौशल्य पानोपानी दिसते. मध्यातून जवळजवळ अखंड जाणारी एक आडवी रेषा. तिच्याभोवती वर्तुळे, कोन, अंक, क्वचित् ओळखीच्या स्वरचिन्हांचे मोडके अवशेष. आणि तळाशी रिकामी ठेवलेली पंचरेषांची जोडी. वाद्ये कोणती, वादक किती, काल किती, याविषयी एक अक्षरही नाही. कृतीचे नाव विट्गेनश्टाईनच्या ‘ट्रॅक्टेटस’वरून सुचलेले आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

आता चार वादक एका पृष्ठासमोर बसले, तर ते नेमके काय वाचतात? एक जण उंचीस स्वराचा तारपणा मानील, दुसरा रेषेच्या जाडीस नादाचा जोर मानील. दोघांचे संकेत भिन्न असले तरी बिघडत नाही. मात्र प्रत्येकाने आपला संकेत अखेरपर्यंत पाळला पाहिजे. ‘काल’ आणि ‘गाल’ यांत एक ध्वनी पालटताच अर्थ पालटतो, म्हणून क् आणि ग् यांस आपण मराठीतील भिन्न वर्ण मानतो. हीच कसोटी येथे लावावी. वर्तुळाच्या जागी चौकोन आल्यास वादन बदलते काय? बदलत असेल, तर ते वाचन होय. बदलत नसेल, तर पान हे केवळ निमित्त होय, आणि वादकांनी ते घडी करून ठेवले तरी चालेल! माझ्या मते अशा वादनाविषयीचे बरेचसे कौतुक या दुसऱ्या प्रकारास लाभलेले आहे.

यावर कोणी भातखंड्यांच्या स्वरलिपीचा दाखला देईल. तीही गायकाचे सर्व काही लिहून ठेवीत नाही. परंतु तेथे उरलेले परंपरा पुरविते. ‘ट्रीटिस’च्या वादकांस ती परंपरा तालमीच्या खोलीत, आपसांत बोलून, नव्याने उभारावी लागते. एका वादकाने संकेत मध्येच सोडला, तर इतरांस ते ऐकून कळते काय, हा खरा अडचणीचा प्रश्न आहे. पुष्कळदा कळत नाही.

स्वतः कार्ड्यूने १९७४ साली मार्क्सवादी भूमिकेवरून ही कृती जाहीरपणे नाकारली. वादक ती आजही वाजवितात.