दुखणे पंजात, मूळ भलतीकडेच

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या मुळगावची माती लाल. जांभ्याची जमीन, शेजारी लोहखनिजाच्या खाणी आणि पावसाळ्यात उतरणीवरून वाहत येणारा तांबडा चिखल. अशा गावात पांढऱ्या कुत्र्याचे पाय तांबूस दिसले तर कोणाला त्याचे नवल वाटत नाही. पण मातीचा रंग साबणपाण्याने बऱ्यापैकी निघतो. पाय स्वच्छ धुतल्यावरही बोटांच्या बेचक्यांतले केस तपकिरी राहत असतील, तर तो डाग मातीचा नसून बहुधा लाळेचा असतो. कुत्र्याच्या लाळेत पॉर्फिरिन असते. रक्ताला लाल रंग देणाऱ्या द्रव्याच्याच कुळातले हे रंगद्रव्य आहे. एकच जागा दिवसेंदिवस चाटली गेली की ते केसांत मुरते. म्हणजे घरच्यांची पाठ वळली की कुत्रा पाय चाटत बसतो, एवढे तो डाग सांगतो. का चाटतो, हे मात्र आपल्याला शोधावे लागते.

हल्ली कुत्र्यांच्या पायांसाठी ‘समग्र उपचार’ म्हणून तेले, मलमे आणि वनस्पतींचे अर्क विकले जातात. खरे तर एकच बाटली सगळ्या दुखण्यांवर चोळणे हे समग्रतेच्या नेमके उलट झाले. पंजा दुखत असताना त्वचा, पोट, रक्त, सांधे, जमीन आणि ऋतू या सगळ्यांची चौकशी करणे, हा त्या शब्दाचा सरळ अर्थ.

गादीच्या आत काय असते

कुत्रा टाच टेकून चालत नाही, बोटांवर चालतो. उभा असताना सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते. प्रत्येक पंजाला चार बोटांच्या चार गाद्या आणि मधे एक मोठी गादी असते. पुढच्या पायांना मनगटाच्या मागे आणखी एक छोटी गादी असते. गादीची बाहेरची त्वचा शरीरात सर्वांत जाड, आणि आत धक्का झेलणारी चरबी व तंतू. घामाच्या ग्रंथीही प्रामुख्याने इथेच असतात. जपानमधल्या यामाझाकी गाकुएन विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये गादीतल्या रक्तवाहिन्यांची रचना उलगडली. उबदार रक्त आणणाऱ्या रोहिण्या आणि थंड रक्त परत नेणाऱ्या नीला एकमेकींना इतक्या लगटून असतात की परतणारे रक्त वाटेतच तापते. त्यामुळे बर्फावर उभ्या कुत्र्याचे शरीर गार पडत नाही.

ही सोय थंडीसाठी झाली. एप्रिल-मेच्या डांबरी रस्त्यावर तिचा उपयोग नाही. उन्हातले डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. सोपी परीक्षा अशी: हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. ती टिकत नसेल तर कुत्र्याला त्या रस्त्यावर नेऊ नका. भाजल्याचे फोड कधीकधी दुसऱ्या दिवशी उठतात, म्हणून कुत्रा आज का लंगडतो याचा कालच्या दुपारशी संबंध कोणी जोडत नाही.

पावसाळा आणि बेचक्या

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत बोटांच्या बेचक्या सुकतच नाहीत. कुत्र्याच्या त्वचेवर मालासेझिया नावाची यीस्ट आणि स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू एरवीही असतात, पण उपद्रव न करता. ओल, ऊब आणि सततचे चाटणे मिळाले की त्यांची संख्या भरमसाट वाढते. पायाला कुबट वास येतो, कातडी लाल होते, पुढे जाड व काळपट पडते. सूक्ष्मदर्शकाखाली ही यीस्ट भुईमुगाच्या शेंगेसारखी मधे आवळलेली दिसते. पारदर्शक चिकटपट्टी बेचकीवर दाबायची, रंगद्रव्यात बुडवायची आणि काचेखाली पाहायची, एवढी ही तपासणी सोपी असते. यीस्टचे आणि जिवाणूंचे औषध वेगळे असल्यामुळे ती टाळून चालत नाही. न तपासता प्रतिजैविके देत राहिल्याने औषधांना न जुमानणारे जिवाणू तयार होतात.

वजनदार, आखूड केसांच्या कुत्र्यांची गोष्ट आणखी वेगळी. लॅब्रॅडॉर किंवा बुलडॉग लठ्ठ झाला की पंजा फाकतो आणि भार गादीबाहेरच्या केसाळ कातडीवर येतो. राठ केस मुळाशी उलटे आत घुसतात आणि बेचकीत पू-रक्ताच्या गाठी होतात. इथे मलमाइतकेच वजन कमी करणेही औषध ठरते.

जमिनीतून येणारे

पावसाळा सरला की सड्यावर कुसळी गवत वाळते. त्याच्या कुसळाचे टोक अणकुचीदार आणि त्यावरचे केस एकाच दिशेने वळलेले. हवेतल्या दमटपणानुसार कुसळाची लांब शेपटी पीळ घेते आणि सोडते. बी जमिनीत रुतावे म्हणून निसर्गाने केलेली ही योजना कुत्र्याच्या बोटांतही तशीच चालते. आत शिरलेले कुसळ पुढेच सरकते, मागे येत नाही. एकाच पायाच्या एकाच बेचकीत पुन्हा पुन्हा गळू होत असेल, तर आत काहीतरी अडकल्याचा संशय घ्यावा.

कुळागराच्या सावलीतल्या ओल्या मातीत अंकुशकृमींच्या अळ्या तग धरतात. त्या पंजाच्या कातडीतून थेट शरीरात शिरतात, पायाला खाज सुटते आणि आतड्यात पोचल्यावर त्या रक्त शोषतात. पिल्लांना यामुळे जीवघेणा रक्तक्षय होतो. अनवाणी माणसाच्या पायातही या अळ्या शिरतात आणि कातडीखाली नागमोडी लाल रेघा उठवतात. म्हणून जंतनाशक वेळेवर देणे आणि विष्ठा उचलणे हा पंजाच्या काळजीचाच भाग आहे.

गोचिडीला बोटांच्या बेचक्या विशेष आवडतात. दिसलेली गोचीड उपटून काम संपत नाही, कारण तिचे बरेचसे आयुष्य कुत्र्याच्या अंगाबाहेर, भिंतींच्या भेगांत जाते. एक मादी हजारो अंडी घालते आणि गिलावा न केलेल्या चिऱ्यांच्या भिंतीत तिला जागेची वाण नसते. गोचिडीतून एर्लिकियाचा ताप येतो. त्यात कधी सांधे सुजतात आणि कुत्रा आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडतो. पंजा उलटून पाहिला तर तिथे जखम नसते. दोष रक्तात असतो.

पंजा आरसा होतो तेव्हा

चारही पायांना खाज, जोडीला कान आणि पोटाची कातडी लाल, असे चित्र असेल तर बहुतेकदा ॲलर्जी असते. धुळीतले माइट, परागकण किंवा अन्नातले एखादे प्रथिन तिला कारण असू शकते. अन्नाचा संशय असेल तर कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेल्या प्रथिनावर त्याला सुमारे आठ आठवडे ठेवून पाहावे लागते. या काळात मासळीचा एक काटा किंवा बिस्किटाचा एक तुकडाही चालत नाही. घरात सगळ्यांना हे पाळायला लावणे हाच या चाचणीतला कठीण भाग.

गादी कडक होऊन भेगाळली आणि नाकाचा शेंडाही राठ झाला, तर डिस्टेंपर, जस्ताची कमतरता, यकृताचा विकार किंवा पेम्फिगससारखा स्वप्रतिकाराचा आजार यांची चौकशी करावी लागते. म्हातारा कुत्रा मनगटच चाटत असेल तर तिथला सांधा दुखत असू शकतो. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा मात्र कधी निव्वळ कंटाळ्यानेही जखम होईपर्यंत पाय चाटतो. त्यावर कोणतेही मलम चालत नाही. त्याला मोकळे फिरवावे लागते.

घरच्या उपायांचा हिशेब

खोबरेल कोरड्या, भेगाळलेल्या गादीवर ठीक आहे. पण मालासेझियाला चरबी मानवते आणि तेलाखाली ओल कोंडते, त्यामुळे बेचकीत तेल नको. हळदीतले कर्क्युमिन प्रयोगशाळेत जंतूंना रोखते, हे खरे. मात्र जखमेवर थापलेली हळद लाली आणि पू दोन्ही झाकते, आणि डॉक्टरांना नेमके तेच पाहायचे असते. भेगांवर बिब्ब्याचे तेल लावण्याची जुनी चाल कुत्र्यावर अजिबात वापरू नये, बिब्बा कातडी जाळतो. गोचिडीवर रॉकेल किंवा फिनेल ओतणे हा जाच आहे, शिवाय चाटल्याने ते पोटात जाते. टी-ट्री तेल ‘नैसर्गिक’ असले तरी कुत्र्याला विषारी आहे. आणि आपल्या घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉलची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. तिने कुत्र्याचे पोट, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होऊ शकते.

उपयोगाची गोष्ट साधी आहे. फिरून आल्यावर पाय कोमट पाण्याने धुवा, प्रत्येक बेचकी सुती फडक्याने कोरडी करा आणि तेव्हाच बोटे फाकवून पाहा. नखे जमिनीवर खटखट वाजू लागली की थोडी थोडी कापा. आतल्या रक्तवाहिनीपर्यंत जाऊ नका. चिखलपाण्याचे दिवस असतील तर लेप्टोस्पायरोसिसची लस दिली आहे का, हे विचारा. या रोगाचा जंतू पायाच्या छोट्या जखमेतून कुत्र्याच्या शरीरात शिरतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही लागू शकतो.

लंगडणे दोन दिवसांत थांबले नाही, पंजा सुजला, वास येऊ लागला, ताप आला किंवा कुत्र्याने खाणे सोडले तर पशुवैद्याकडे न्या. जाताना पायावर काही लावू नका. कुत्रा काय खातो, कुठे झोपतो, कुठल्या वाटेने फिरतो आणि खाज कोणत्या महिन्यात सुरू झाली, हे सगळे आठवून सांगा. निम्मे निदान त्या उत्तरांतूनच होते.