घरगुती जलतरण तलावाची हिवाळापूर्व तयारी

कॅनडा व अमेरिकेचा उत्तर भाग यांसारख्या, हिवाळ्यात पाणी गोठणाऱ्या प्रदेशांत घराच्या आवारातील जलतरण तलाव थंडीपूर्वी विशिष्ट पद्धतीने बंद करतात. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते; त्यामुळे नळ्या, पंप किंवा गाळणयंत्रात राहिलेले पाणी गोठल्यास ती फुटू शकतात.

प्रथम तलाव स्वच्छ करून पाण्याचा सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणतात व शेवाळ रोखण्यासाठी क्लोरीन मिसळतात. मग पाण्याची पातळी पृष्ठभागावरील कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या तोंडाखाली उतरवतात. दाबयुक्त हवेने नळ्यांतील पाणी काढून त्यांची तोंडे बुचांनी बंद करतात. पंप व गाळणयंत्र रिकामे करून शेवटी तलावावर आच्छादन ताणून बसवतात.

जमिनीत बांधलेला तलाव मात्र पूर्ण रिकामा करीत नाहीत. भोवतालच्या भूजलाचा दाब आतील पाण्याच्या भारामुळे तोलला जातो. तो भार नाहीसा झाल्यास तलाव वर उचलला जाऊ शकतो किंवा त्यास तडे जाऊ शकतात.

आच्छादनावर साचणारे पाऊस-बर्फाचे पाणी वेळोवेळी उपसणे आवश्यक असते. असे उथळ पाणीही लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते.