बंदर दारी येते. आष्टीने काय पाठवावे?

मुंबईच्या वैभवाची गोष्ट निघाली म्हणजे आमचे लोक समुद्राला हात जोडतात. पण समुद्र मालवणास आहे, वेंगुर्ल्यासही आहे. मग कापसाचा पैसा मुंबईतच का साठला? जालन्यानजीक कोरड्या बंदराची पायाभरणी २०१५ साली झाली, तेव्हापासून परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या बाजारगावांनाही आता आपले दिवस पालटणार असे वाटू लागले आहे. अशा वेळी वरील प्रश्नाचे उत्तर व्यापारी मंडळींनी स्वस्थपणे शोधावे, अशी आमची विनंती आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकाशायरच्या गिरण्यांची नजर मुंबईकडे वळली. युद्धाच्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या उत्पन्नावर सुमारे आठ कोटी पौंडांची जादा रक्कम मुंबईत आली, असा त्या काळचा अंदाज आहे. पण ह्या पैशाबरोबर दोन व्याधीही आल्या.

पहिली व्याधी भेसळीची. वजन वाढावे म्हणून कापसात सरकी, माती, खडे मिसळावे, वर पाणी शिंपडावे, असा प्रकार इतका बोकाळला की लँकाशायरात ‘सुरत’ हे आमच्या कापसाचे नाव खोट्या मालाचा पर्याय होऊन बसले. १८६३ साली मुंबई सरकारास ह्या लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. दुसरी व्याधी सट्ट्याची. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या पाच हजारांच्या भागाला पन्नास हजारांपर्यंत भाव चढला. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि त्या वर्षीच्या १ जुलैला वायद्यांच्या फेडीची वेळ येताच मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. पुढे मुंबई बँकही गुंडाळावी लागली.

शहर त्यातून सावरले, कारण त्याच्यापाशी केवळ पैसा नव्हता. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापिलेली कापडगिरणी होती. लोहमार्ग घाट ओलांडून वऱ्हाडापर्यंत पोहोचत होता. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला. १८७५ साली ससून गोदी आणि १८८० साली प्रिन्स गोदी उभी राहिली. वखार, तोल, प्रतवारी, पतपेढी आणि परदेशच्या भावाची रोजची खबर, ही पाच साधने ज्याच्या हाती, नफा त्याच्याच घरी, हा मुंबईच्या श्रीमंतीचा खरा अर्थ होय.

शेतकऱ्याच्या हाती ह्यांपैकी एकही साधन नव्हते. तेजीत त्याला चार पैसे दिसले, सावकाराने उचलही सढळ हाताने दिली. भाव पडताच सावकाराने हात आखडला, आणि कर्ज मात्र कागदावर तसेच राहिले. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे रयतेने सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्या उठावाच्या मुळाशी सरकारी साऱ्याच्या ओझ्याबरोबर ह्या मंदीचाही भाग होता. ते खत कोणी लिहिले, कोणत्या व्याजाने लिहिले, हा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. मनमाडहून जालना, परतूरमार्गे जाणारी गाडी १९०० च्या सुमारास धावू लागली. कापसाची वाट तेव्हापासून सुकर झाली खरी, पण ती एकेरीच राहिली: रुईच्या गाठी बाहेर जात आणि तिचेच कापड विकत परत येई. ह्याला अपवाद काढला जमशेटजी टाटांनी. मुंबईत गिरण्यांची गर्दी असता त्यांनी कापसाच्याच मुलखात, नागपुरास, १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस गिरणी सुरू केली.

गिरणी काढली म्हणजे सर्व झाले, असे मात्र आम्ही म्हणत नाही. मराठवाड्यात सहकारी सूतगिरण्या पुष्कळ निघाल्या. हिशेब चोख न राहिल्याने व भांडवल आटल्याने त्यांतील अनेक बंद पडल्या. मजुरास विसरणाराही टिकत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. मालकांनी ती आपण होऊन दिली नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि ज्या जमिनीवर सूत निघत होते, तिथे इमले उठले. जमिनीचे मोल झाले. कामगारांच्या घरांचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला.

आता आष्टीकडे वळू. कोरडे बंदर म्हणजे माल घेऊन जाणारे एक दार होय. त्यातून काय जावे, हे दार ठरवीत नाही. शंभर किलो कापसात रुई साधारण पस्तीस किलोच्या आत-बाहेर असते, बाकी बहुतेक सरकी. रुई, सरकी, तेल, पेंड, सूत ह्या एकेका पायरीवर कमाई आहे, आणि कच्चा कापूस बाहेर धाडणारे गाव त्या पायऱ्या दुसऱ्यास आंदण देत असते.

व्यापारी बंधूंस आमचे सांगणे थोडे आहे. कडत्याच्या नावाने होणारी काटछाट बंद करा. ओला व सुका कापूस वेगळा ठेवा. प्रतीप्रमाणे भाव लावून तो फळ्यावर लिहा. तूर-सोयाबीनवर बाजार समित्यांमार्फत तारण कर्ज मिळते. ते घेण्यास शेतकऱ्यास मदत करा, म्हणजे गरजेपोटी तो पडत्या भावाने विकणार नाही. जिनिंगमध्ये राबणाऱ्या बायाबापड्यांच्या मजुरीचा हिशेब लेखी ठेवा. ह्यात धर्मादाय काही नाही. खडे मिसळलेल्या कापसाने एका देशाच्या मालाचे नाव साता समुद्रांपलीकडे घालविले. आष्टीच्या गाठीचे नाव राखणे हा धंद्याचाच हिशेब आहे.

मुंबईला समुद्र दैवाने मिळाला. आष्टीला बंदर जवळ येत आहे, तेही काही अंशी दैवच म्हणा. परंतु काटा खरा ठेवणे दैवाच्या हाती नाही. ते आपल्याच दुकानात, उद्या सकाळी, पहिली गाडी तोलताना ठरावयाचे आहे.