रुमालातला आणि जात्यावरचा महाराष्ट्र

महाराष्ट्राने आपला इतिहास फार मोठ्या प्रमाणावर विद्यापीठांबाहेर जपला. रत्नागिरीत १८२८ मध्ये वाचनालय उघडले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते. वि. का. राजवाड्यांना वाईत पानिपतच्या काळातली पत्रे सापडली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पुढे हा माणूस जुने कागद शोधत गावोगाव हिंडला. त्यांच्याच पुढाकाराने १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले.

या कामाला लागणारी चिकाटी दुरून कळत नाही. दफ्तरातले कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. रुमाल सोडला की समोर येते ती मोडी. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे ओवत जायची, अशी तिची रीत. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. शिकणाऱ्याचे पहिले दिवस शब्द कुठे संपला हे ओळखण्यातच जातात. अशा हजारो रुमालांतून निवड करून रियासतकार सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तराचे ४५ खंड छापले.

पण रुमालात येतो तो राज्यकारभार. मोहिमा, वसुली, वतनांचे तंटे. दळणारी बाई किंवा गावकुसाबाहेरचा माणूस तिथे दिसलाच, तर बहुधा कर, गुन्हा किंवा वादाच्या निमित्ताने, आणि तेही कारकुनाच्या भाषेत. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून शेतकऱ्यांच्या बाजूने इतिहास मांडला. तरी सामान्य माणसाचे स्वतःचे शब्द गोळा करण्याचे काम उरलेच होते.

ते पुण्यातून घडले, आणि माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतले महाराष्ट्राविषयीचे सर्वांत मोलाचे काम तेच. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक! पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा धरायच्या. एकीने ओळ काढायची, दुसरीने उचलायची. सीतेचा वनवास, माहेरचा भाऊ, सासूचा जाच, लेकीची काळजी आणि पुढे बाबासाहेबांचे नावही त्यात आले. घरात कोणाला न सांगता येणारे जात्याला सांगता यायचे. गावात पिठाची गिरणी आली, बाईच्या खांद्यावरचा भार उतरला, ते बरेच झाले. पण ओवी म्हणायची वेळही गेली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कित्येकींनी ओव्या आठवून आठवून म्हटल्या. हा साठा आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात गाणारीच्या आणि गावाच्या नावासह वाचता येतो, त्यातल्या काही ओव्या ऐकताही येतात. ही नावे जपली, म्हणून मला हे काम अधिक मोठे वाटते.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनीही असेच दार उघडले. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून, त्यांच्या आठवणी टिपून त्यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले. महाडचा १९२७ चा सत्याग्रह किंवा नागपूरची १९४२ ची महिला परिषद यांच्या हकिगती आपण नेत्यांच्या भाषणांतून वाचत आलो. इथे चळवळीत उतरलेल्या बायका स्वतः बोलतात. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींतून मुंबईचे असेच पुस्तक उभे केले. १९८२ चा गिरणी कामगारांचा संप आकड्यांत वाचणे वेगळे आणि त्या चाळींतल्या माणसांकडून ऐकणे वेगळे.

सरकारनेही मोठी कामे केली. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश आज कोणालाही फुकट वाचता येतो. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून निघालेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड घराघरांत पोचले.

आता पाळी वाचनालयांची आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात वाचनालयांचे जाळे खेड्यांपर्यंत गेले. अनेक ठिकाणी अनुदान तुटपुंजे, ग्रंथपालाचा पगार त्याहून तुटपुंजा. हे दुखणे जुने आहे आणि ते सरकारनेच दूर केले पाहिजे. तरी गावाची आठवण जपायला वाचनालयाहून योग्य जागा मला दिसत नाही. कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे आज म्हातारी झाली आहेत. त्यांचे बोलणे मोबाइलवर घेता येते. सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि त्याची परवानगी वहीत नोंदवावी; एक प्रत त्याच्या घरी द्यावी, दुसरी वाचनालयात ठेवावी. या दिवाळीत मुले-नातवंडे गावी येतील तेव्हाच सुरुवात करता येईल.