घरातील तंबाखू आणि बालकांमधील निकोटीन विषबाधा : कारणे व प्रतिबंध

प्रस्तावना :
तंबाखूच्या दुष्परिणामांची चर्चा सामान्यतः ती सेवन करणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या संदर्भात होते. मुखाचा कर्करोग व हृदयविकार हे तिचे नेहमीचे विषय होत. घरातील रांगत्या मुलाने सांडलेली तंबाखू तोंडात घातली तर काय होते, हा प्रश्न मात्र या चर्चेत क्वचितच येतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होते. यावरून असे दिसते की, येथील घरांत मुलाच्या हाती सिगारेटपेक्षा चंची, तंबाखूची पुडी किंवा मिश्रीची डबी लागण्याचा संभव अधिक आहे. प्रस्तुत लेखात या धोक्याचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

निकोटीनची क्रिया :
निकोटीन हे तंबाखूच्या पानातील अल्कलॉइड असून १८२८ मध्ये पोसेल्ट व रायमान या जर्मन संशोधकांनी ते प्रथम वेगळे केले. शरीरातील अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्याच्या ग्राहकांवर ते कार्य करते. आरंभी मज्जासंस्था उत्तेजित होते. त्यामुळे मळमळ, उलटी, लाळ गळणे, घाम, चेहरा पांढरा पडणे, हृदयाचे ठोके वाढणे व थरथर ही लक्षणे दिसतात. मात्रा मोठी असल्यास हेच ग्राहक पुढे निष्क्रिय होतात. मग मूल सुस्त पडते, नाडी मंदावते, झटके येतात आणि श्वसनाचे स्नायू दुबळे होतात. खरा धोका या दुसऱ्या अवस्थेत असतो. पहिल्या अवस्थेनंतर मूल शांत झाले म्हणजे बरे झाले, असा समज म्हणूनच घातक ठरू शकतो.

येथे चुन्याचा उल्लेख आवश्यक आहे. निकोटीन हा सौम्य अल्क आहे. अल्कधर्मी माध्यमात त्याचे रेणू विद्युतभाररहित राहतात व तोंडाच्या आतील त्वचेतून त्वरेने रक्तात जातात. चुना लावून मळलेली तंबाखू खाणाऱ्याला लवकर ‘लागते’ ती यामुळेच. मुलाच्या बाबतीत हाच गुण विषबाधा जलद घडवितो. शिवाय चुना डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते.

मात्रेचा प्रश्न :
प्रौढांसाठी ६० मिलिग्रॅम ही घातक मात्रा अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत दिली जात असे. बेर्न्ड मायर यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, या आकड्याचा आधार एकोणिसाव्या शतकातील संशयास्पद स्वप्रयोगांत आहे आणि प्रत्यक्ष मात्रा कितीतरी अधिक असावी. लवकर होणारी उलटी हे शरीराचे संरक्षणच असते व बहुसंख्य मुले त्यामुळे बचावतात. तथापि दहा किलो वजनाच्या मुलाबाबत निर्धास्त राहणे योग्य नव्हे. एक ग्रॅम सुक्या तंबाखूत साधारणपणे १० ते ३० मिलिग्रॅम निकोटीन असते, आणि एक ग्रॅम म्हणजे जेमतेम चिमूटभर.

घरातील धोक्याची स्थाने :
१. उशाखाली, कोनाड्यात किंवा मोरीजवळ ठेवलेली चंची व मिश्रीची डबी. आईला वा आजीला मिश्री लावताना पाहून मूल अनुकरण करते.
२. खुंटीवरील सदऱ्याचा खिसा, अर्धवट फाडलेली पुडी, विड्यांची थोटके.
३. झाडांवरील किडीसाठी बाटलीत भरून ठेवलेला तंबाखूचा काढा.
४. जखमेवर तंबाखूचा लेप लावण्याची रीत. निकोटीन त्वचेतूनही शोषले जाते.
५. तंबाखू सोडण्यासाठीचे निकोटीनयुक्त च्युइंगम; मुलाला ती गोळीच वाटते.

प्रतिबंध व प्रथमोपचार :
तंबाखूमुक्त घर हाच सर्वोत्तम उपाय होय. ते साधेपर्यंत तंबाखू उंचावर व कुलपात ठेवणे, खाऊच्या डब्यात कधीही न भरणे, मळल्यावर हात धुऊनच मुलास घेणे, ही पथ्ये पाळता येतात. मुलाने तंबाखू खाल्ल्यास तोंडातील दिसणारे कण काढावेत, त्वचेवर लागली असल्यास ती पाण्याने धुवावी. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. झटका आल्यास ती श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. मूल सुस्त असल्यास कुशीवर निजवावे. लक्षणांची वाट न पाहता पुडीसह रुग्णालय गाठावे. १०८ ही रुग्णवाहिका सेवा, तसेच दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक घरात लिहून ठेवावा.

समारोप :
२००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूविक्री निषिद्ध केली, २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलास तंबाखू देणे दंडनीय ठरविले, २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी आली. अमेरिकेने २०१६ मध्ये द्रवरूप निकोटीनच्या बाटलीस मुलांना न उघडणारे झाकण सक्तीचे केले. आपल्याकडील तंबाखूची पुडी मात्र मुलाच्या दातांनीही फाटते, आणि तिच्यावरील इशारा सेवन करणाऱ्यालाच उद्देशून असतो. कायदा दुकानाशी व देणाऱ्या हाताशी थांबतो. मुलाच्या स्वतःच्या हाती लागणाऱ्या पुडीचे काय, हे घरानेच ठरवावे लागते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून महाविद्यालयीन विद्यार्थी गावोगावी जातात. व्यसनमुक्तीच्या घोषणांबरोबर त्यांनी ‘चंची कोठे ठेवता?’ एवढा एक प्रश्न घरोघरी विचारला, तरी अनेक बालके या टाळता येण्याजोग्या अपघातापासून सुरक्षित राहतील.