पेढीवरील नोकरवर्ग आणि त्याची उमेद

व्यापारी बंधू एकत्र जमले म्हणजे बाजारभावाच्या चर्चेनंतर गोष्ट हटकून नोकरांवर येते. माणूस टिकत नाही. टिकला तर त्याचे कामात चित्त नसते. पगार वाढविला तर महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. ही तक्रार खोटी नाही. परंतु तिचे मूळ नोकराच्या स्वभावात शोधण्याची जी आपली रीत आहे, ती धान्याच्या घाऊक व्यापारात चाळीस वर्षे घालविल्यावर मला पटेनाशी झाली आहे. मनुष्य कष्टाला कशाने प्रवृत्त होतो, याचा विचार शास्त्रीय पद्धतीनेही झालेला आहे. त्यातील जे आपल्या पेढीला व वखारीला लागू पडते, तेवढेच येथे मांडावयाचे योजिले आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पिट्सबर्ग शहराच्या परिसरातील सुमारे 200 अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन 1959 साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. प्रश्न साधा होता : कामावर असता तुम्हांला विशेष समाधान केव्हा वाटले आणि विशेष असमाधान केव्हा वाटले? उत्तरे पाहता दोहोंची कारणे बहुतांशी वेगवेगळी निघाली. असमाधान होते ते मुख्यत्वे कारभाराची पद्धत, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची जागा यांविषयी. समाधान वाटले ते काम तडीस गेल्याचे, त्याची कोणी कदर केल्याचे, जबाबदारी सोपविली गेल्याचे. हा सिद्धान्त पुढील सर्वच अभ्यासकांनी जसाच्या तसा मान्य केला असे नाही. तथापि आपल्या धंद्यात त्याचा प्रत्यय पदोपदी येतो. अपुरा पगार हा जोड्यातील खडा होय. खडा काढल्यावाचून चालता येत नाही. पण खडा निघाला एवढ्यावरून कोणी धावू लागत नाही.

म्हणून आधी खडा काढला पाहिजे. पगाराचा दिवस ठरलेला असावा आणि त्यासाठी नोकराला शेटजींच्या मर्जीची वाट पाहावी लागू नये. घरात लग्न वा आजार निघाल्यास उचल किती मिळेल व ती कशी फिटेल, याचा नियम सर्वांना सारखा असावा. 1965 च्या बोनस कायद्याने वीस वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांसाठी किमान 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, ठरवून दिला. लहान पेढ्यांवर दिवाळीची पोस्त बव्हंशी मालकाच्या खुशीवर राहिली. ती देणारे हातचे राखून देतात असे नव्हे. परंतु आकडा कशावरून ठरला हे न कळल्यामुळे घेणाऱ्याच्या मनात दिलेल्या रकमेपेक्षा न दिलेल्या रकमेचाच विचार अधिक घोळतो. पाडव्यालाच हिशेबाची रीत सांगून ठेवली तर हा घोळ राहत नाही. ओझ्याचेही तेच. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो असावी अशी शिफारस केली. त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याकडे क्विंटलाचे पोते एका पाठीवर चढत होते. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपणाची गणना आहे हे वाचकांस सांगावयास नको. ते केवळ बैलापुरते आहे असे समजणारे मात्र आपल्यात पुष्कळ आहेत.

यापुढचा भाग उमेदीचा, आणि त्यात खर्च फारसा नाही. नोकराला आपण काय करावयाचे ते सांगतो. ते का करावयाचे हे सहसा सांगत नाही. थप्पी भिंतीपासून हात-दीड हात दूर लावा, खाली लाकडी फळ्या घाला, असा हुकूम सुटतो. शेटजी समोर असेपर्यंत तो पाळला जातो. परंतु जमिनीची ओल खालच्या पोत्यांना कशी चढते, भिंतीला टेकलेल्या पोत्यांत हवा न खेळल्याने सोंडे कसे होतात, 12 टक्क्यांहून अधिक ओलावा असलेली तूर ठेवली तर ती कशी धरते, हे एकदा खराब झालेले पोते फोडून दाखवावे. मग त्याच हमालाला ते पुन्हा सांगावे लागत नाही. तो नव्या माणसाला सांगतो. कारण आता ते त्याचे ज्ञान झालेले असते.

दुसरी गोष्ट, कामाचे तुकडे करू नयेत. एक जण नमुना काढतो, दुसरा वजन लिहितो, तिसरा गाडी भरून देतो, आणि मालाविषयी तक्रार आली म्हणजे तिघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. त्याऐवजी तूर एका गुमास्त्याकडे, ज्वारी दुसऱ्याकडे, तांदूळ तिसऱ्याकडे, असे नमुन्यापासून रवानगीपर्यंतचे काम नेमून पाहावे. गिऱ्हाईकाने मालाची वाखाणणी केली तर ती त्या गुमास्त्याच्या कानी त्याच दिवशी घालावी. वर्षाने समारंभात घातलेल्या हारापेक्षा त्याचे मोल अधिक. मात्र अशी जबाबदारी दिल्यावर लहानसहान निर्णयही त्याचे त्याला घेऊ द्यावे लागतात, आणि आपल्यापैकी अनेकांना नेमके हेच जमत नाही. किल्ली द्यावयाची आणि कुलपाशी स्वतः उभे राहावयाचे!

इनामाविषयी थोडा सावधगिरीचा इशारा देणे अवश्य आहे. पोत्यांच्या संख्येवर जादा पैसे लावले की गाडी लवकर भरते खरी. पण आकडे वाटेल तसे लागून पोती फाटतात आणि सांडलेले धान्य झाडून घेण्यास कोणी थांबत नाही. मोजू ते वाढते, न मोजलेले बिघडते. इनाम द्यावयाचेच तर फाटलेली पोतीही मोजून द्यावे.

चूक सुधारण्याचे काम गिऱ्हाईकासमोर करू नये, हे सर्वांना मान्य असूनही क्वचितच पाळले जाते. विशेषतः पदवी घेऊन नुकतेच गादीवर बसलेले चिरंजीव, ज्या दिवाणजींनी त्यांना लहानपणी कडेवर घेतले त्यांनाच अरे-तुरे करताना आढळतात. 2017 साली वस्तू व सेवा कर आला, वह्यांची जागा संगणकाने घेतली आणि अनेक पेढ्यांवर जुने दिवाणजी एका कोपऱ्यात निरुपयोगी बसल्यासारखे झाले. वस्तुतः कोणत्या गावच्या व्यापाऱ्याला किती उधारी झेपते, कोणाचा शब्द रोखीसारखा आहे, हे संगणकास ठाऊक नसते. बिले तरुण कारकुनाने करावी. उधारीची मंजुरी दिवाणजींच्या सहीवाचून होऊ नये. एवढ्या व्यवस्थेने वृद्धाचा मान राहतो आणि तरुणाला त्यांच्यापाशी बसून शिकण्याचे कारण मिळते.

महिन्याच्या अखेरीस अर्धा तास दुकानाचे दार ओढून घेऊन चहाबरोबर सर्वांपुढे त्या महिन्याची घट, फाटलेली पोती आणि परत आलेला माल यांचे आकडे वाचण्याची प्रथा पाडता येईल. पहिल्या एक-दोन खेपांस कोणी तोंड उघडत नाही. शेटजी दोष हुडकीत आहेत असाच सर्वांचा समज असतो. त्या बैठकीत कोणाचाही पगार कापला नाही, असे दिसून आले म्हणजे हळूहळू बोलणे सुरू होते. मग छपराचा कोणता पत्रा गळतो, कोणत्या वजनकाट्याला एकदा तपासणीची गरज आहे आणि कोणत्या गावची तूर वरच्या थरात चांगली व तळाशी कचऱ्याची येते, हे पेढीचा मालक प्रथमच आपल्या हमालांच्या तोंडून ऐकतो.