सुटीचे सभासदत्व : किंमत, वार्षिक आकार आणि वापर

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अर्थव्यवहारात घर, सोने, विमा व भविष्यनिर्वाह निधी यांचा विचार पुष्कळ झालेला आहे. सुटीतील प्रवासाचा खर्च मात्र आजवर किरकोळ सदरात मोडत आला. अलीकडे या खर्चालाही दीर्घ मुदतीच्या कराराचे स्वरूप आले आहे. ‘टाइमशेअर’ अथवा सुटीचे सभासदत्व या नावाने जो हक्क विकला जातो, त्याची किंमत काही लाख रुपये असते व मुदत पुष्कळदा २५ वर्षांची असते. चाळिशीत केलेला असा करार पासष्टाव्या वर्षापर्यंत बांधून ठेवतो. आणि तो करण्याचा निर्णय बहुधा विक्रेत्याच्या एकाच बैठकीत, भेटवस्तूच्या व ‘आजच्यापुरत्या’ सवलतीच्या दडपणाखाली घेतला जातो. हा हक्क केव्हा घ्यावा व केव्हा घेऊ नये, हे ठरविण्याची रीत सांगणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या कल्पनेचा उगम युरोपात झाला. अनेकांनी भांडवल एकत्र करून सुटीची घरे घ्यावीत व ती आळीपाळीने वापरावीत, या तत्त्वावर स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली ‘हॅपिमाग’ ही संस्था निघाली. पुढील दशकात अमेरिकेत, विशेषतः फ्लॉरिडात, मंदीमुळे पडून राहिलेल्या सदनिका आठवड्याआठवड्यांच्या हिश्श्यांनी विकण्यात आल्या. भारतात १९८६ साली स्थापन झालेली स्टर्लिंग व १९९६ साली स्थापन झालेली महिंद्रा हॉलिडेज या कंपन्यांच्या द्वारे ही पद्धत सर्वपरिचित झाली.

सभासदाला नेमके काय मिळते, हे प्रथम पाहिले पाहिजे. आपल्याकडील बहुतेक योजनांत जमिनीची वा इमारतीची मालकी मिळत नाही. ठरावीक आकाराची खोली, ठरावीक हंगामात, वर्षातून ठरावीक दिवस वापरण्याचा हक्क तेवढा मिळतो. आणि तोही खोली रिकामी असल्यास. यास्तव या व्यवहाराला ‘गुंतवणूक’ म्हणणे अयोग्य होय. वस्तुतः ते भावी भाड्याची आगाऊ फेड आहे. शिवाय किंमत चुकती केल्यानेही देणे संपत नाही. देखभालीपोटी वार्षिक आकार द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षे वाढू शकतो आणि सभासद सुटीवर गेला नाही तरी सामान्यतः टळत नाही.

विक्रेत्याचा हिशेब व खरा हिशेब यांतील अंतर एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, सभासदत्वाची किंमत ४,००,००० रुपये, मुदत २५ वर्षे व वापर दरसाल ७ रात्रींचा आहे. एकूण १७५ रात्री झाल्या. म्हणजे दर रात्रीस सुमारे २,२८६ रुपये. हा आकडा आकर्षक दिसतो, परंतु त्यात दोन गोष्टी गाळलेल्या आहेत : आज अडकविलेल्या रकमेवर मिळू शकले असते ते व्याज आणि वार्षिक आकार.

आता वार्षिक आकार पहिल्या वर्षी २०,००० रुपये असून तो दरसाल ६ टक्क्यांनी वाढतो, आणि हीच रक्कम अन्यत्र ठेवल्यास ७ टक्के व्याज मिळते, असे धरू. पंचविसाव्या वर्षी हा आकार सुमारे ८१,००० रुपये होतो. प्रत्येक आकार वर्षअखेरीस दिला जातो असे मानून सर्व आकारांचे आजचे मूल्य काढल्यास ते सुमारे ४,१८,००० रुपये भरते. याचा अर्थ असा की, वार्षिक आकाराचा बोजा मूळ किमतीहूनही अधिक आहे, आणि चार लाखांची म्हणून घेतलेली वस्तू खरोखर सव्वाआठ लाखांच्या घरात जाते.

हॉटेलचे भाडेही दरसाल ६ टक्क्यांनीच वाढेल असे मानल्यास, तुल्य खोलीचे आजचे भाडे किती असता दोन्ही बाजू समसमान होतात, हे काढता येते. दरवर्षी सातही रात्री वापरल्या तर हा आकडा सुमारे ५,५९० रुपये येतो. सरासरी पाच रात्री वापरल्यास ७,८२० आणि चारच रात्री वापरल्यास ९,७८०. तशाच खोलीचे भाडे ९,००० रुपये असेल, तर पहिल्या कुटुंबाचा स्पष्ट फायदा आहे व तिसऱ्याचा तोटा. योजना तीच, खोली तीच; निकाल मात्र वापरावर फिरतो.

म्हणून निर्णायक प्रश्न ‘खोली कशी आहे?’ हा नसून ‘आपण वर्षाला किती रात्री खरोखर वापरू?’ हा आहे. याचे उत्तर उत्साहावर न सोपविता गेल्या पाच वर्षांतील प्रवासांची नोंद करून काढावे. मुलांची दहावी-बारावी, वृद्धांचे आजारपण, बदली, लग्नकार्ये यांमुळे कित्येक वर्षे कोरी जातात. न वापरलेल्या रात्री पुढील वर्षी नेण्याची सोय असली तरी तिच्या मर्यादा वाचाव्यात. मे महिना व दिवाळी याच काळात सुटी मिळणाऱ्यांनी स्वस्त हंगामाचे सभासदत्व घेणे व्यर्थ होय. हंगाम योग्य असला तरी त्याच आठवड्याला सर्वांची मागणी असते. तेव्हा आरक्षण किती महिने आधी खुले होते, हे विचारावे. जेवणाचा व प्रवासाचा खर्च बहुधा निराळा असतो. किंमत हप्त्यांनी फेडावयाची असल्यास कर्जाचे व्याजही हिशेबात धरावे.

बाहेर पडण्याचा मार्गही आधीच पाहावा. अमेरिकेत असे जुने हक्क नाममात्र किमतीस विकावयास काढलेले आढळतात, कारण घेणाऱ्याच्या माथी वार्षिक आकारही येतो. स्वतः नवे घेण्यापूर्वी जुने सभासदत्व काय भावाने मिळते याची चौकशी करणे, ही मूल्याची सर्वांत प्रामाणिक कसोटी होय.

युरोपीय संघाच्या २००८ सालच्या निर्देशानुसार ग्राहकाला १४ दिवसांत कारण न देता करार मोडता येतो आणि त्या मुदतीत आगाऊ रक्कम घेण्यास बंदी आहे. भारतात अशा करारांसाठी स्वतंत्र कायदा नाही. माघार घेण्याची मुदत करारात लिहिली असेल तेवढीच समजावी. तथापि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्याय्य करारांविरुद्ध दाद मागता येते. तक्रार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडेही करता येते. मात्र कारण घडल्यापासून सामान्यतः दोन वर्षांच्या आत ती केली पाहिजे. अन्याय्य करारांविरुद्धची तक्रार मात्र राज्य आयोगाकडे करावी लागते. तोंडी आश्वासने सिद्ध करणे कठीण असल्याने ती लेखी मागून घ्यावीत.

सारांश, ज्या कुटुंबाची दरसाल आठवडाभर बाहेर राहण्याची रीत खरोखर रुळलेली आहे, ज्याला सुटीचा काळ लवचिकपणे ठरविता येतो आणि ज्याला कर्ज काढावे लागत नाही, त्याला हे सभासदत्व लाभदायक ठरू शकेल. इतरांनी तीच रक्कम मुदत ठेवीत ठेवून सुटीपुरते भाडे द्यावे, हे अधिक श्रेयस्कर. ठेव मोडून आजारपणात वापरता येते. सभासदत्वाच्या न वापरलेल्या रात्रींचा तसा उपयोग होत नाही. कराराचा मसुदा घरी आणून, मागील दहा वर्षांतील वार्षिक आकाराची वाढ लेखी मागवून व वरील हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडून मगच सही करावी. एवढा अवधी देण्यास विक्रेता तयार नसेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा.